पॅकेज सोडलंस, आता हिशोब सांग

दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी मला तीच बातमी फॉरवर्ड करतं. नाव बदलतं, पीक बदलतं, बाकी मजकूर तोच. 'लाखोंचं पॅकेज सोडून इंजिनिअरने फुलवली ड्रॅगन फ्रूटची बाग.' फोटोत पोरगा हसतोय, मागे सिमेंटचे खांब, खाली कमेंटमध्ये रांगेने सलाम. जमीन कुणाची होती, घरात दुसरा पगार कुणाचा चालू होता, कर्ज फिटलं होतं का, पहिलं पीक हाती येईपर्यंत किराणा कुणी भरला, हे मात्र त्या बातमीत कधीच नसतं.

मीही सोडलं. गेल्या वर्षी, हिंजवडी फेज टूमधलं, साडेपाच वर्षांचं. तेव्हापासून लोक माझ्याकडे त्या फोटोतल्या पोरासारखं बघतात. 'तू डेरिंग केलंस.' त्याची मला आता चीड यायला लागली आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी हिशोब. हातात महिना ९५ हजार यायचे, आता ४२ हजार येतात. शैक्षणिक कर्जाचा शेवटचा हप्ता सोडण्याआधी वर्षभर फिटला होता. खात्यात ४ लाख ६० हजार होते. लग्न झालेलं नाही. विट्यात घर स्वतःचं, भाडं शून्य. आण्णांची एसटीतली नोकरी पूर्ण होऊन फंडाचे पैसे आलेले. एवढं सगळं खाली गादीसारखं पसरलेलं असताना मी उडी मारली. याला डेरिंग म्हणत असाल तर म्हणा.

माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या माणसाने सोडलं नाही. त्याच पेजरवर, त्याच रोटेशनमध्ये तो अजून आहे. पुनावळ्यात टू बीएचके, वीस वर्षांचं कर्ज, आणि बायकोचं बाळंतपण कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमवर. त्याला मी शेवटच्या दिवशी शहाणपणा शिकवला होता, 'आयुष्य एकदाच मिळतं रे' वगैरे. तो फक्त म्हणाला, 'तुझं बरंय.' ते वाक्य मला अजून टोचतं. त्याचं बरोबर होतं.

आता ती नोकरी. काम वाईट नव्हतं, हे मला कबूल केलं पाहिजे. अमेरिकेतल्या एका क्लायंटची पेमेंट सिस्टिम होती आणि तिच्यात मजा होती. पण त्यांची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. ऑन-कॉलच्या आठवड्यात रात्री तीनला फोन किंचाळायचा, ब्रिज कॉलवर अकरा माणसं, त्यातली आठ 'एनी अपडेट?' विचारायला. सकाळी नऊला स्टँडअप, तिथे पुन्हा मी. आणि टाइमशीट? त्यात दिवसाला ९ पेक्षा मोठा आकडा टाकला की लाल पट्टी यायची आणि सेव्ह व्हायचंच नाही. साडेपाच वर्षं मी रोज ९ लिहिले. कागदावर माझ्याइतका निवांत माणूस पुण्यात नसेल.

हा ९ चा आकडा कुठून आला हे मला नोकरी सोडल्यावर कळलं, यासारखी लाजेची गोष्ट नाही. महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८, त्यापुढे दुप्पट दराने मोबदला, असं त्यात लिहिलेलं होतं. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय आणि गोपनीय कामातले लोक त्यातून वगळलेले, म्हणून नुसतं 'लीड' म्हणवून घ्यायला आपण किती उतावीळ असतो याचा एकदा विचार करा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने ९ चे १० करायला मंजुरी दिली. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी कुणी अवाक्षर काढलं नाही. मीमसुद्धा नाही. नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये आठवड्याला ७० तास म्हटलं तेव्हा, आणि एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं २०२५ च्या जानेवारीत बाहेर आलं तेव्हा मात्र मीम्सचा पूर आला होता. मोठ्या माणसाच्या बोलण्यावर हसायला काही लागत नाही. कायदा वाचायला अर्धा तास लागतो.

आण्णा आयुष्यभर कंडक्टर होते. एकदा सुट्टीत घरी आलो असताना रात्रभर माझा कॉल चालला. सकाळी चहा देताना त्यांनी विचारलं, "रात्रीचं ज्यादा किती लावत्यात?" मी म्हटलं, आमच्यात ओव्हरटाइम नसतो. त्यांनी कप खाली ठेवला. "मग तुमची युनियन काय करती?" मी हसलो. "आण्णा, आयटीत तसलं काही चालत नाही." ते हसले नाहीत. २०२१-२२ च्या संपात ते कित्येक महिने घरी बसले होते, माझ्या पगारावर घर चाललं होतं, आणि त्या काळात मी मनातल्या मनात त्यांना जुन्या जमान्यातलं समजत होतो. पुण्यात आयटीवाल्यांच्या संघटना आहेत हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावंसंच वाटलं नव्हतं.

राजीनामा दिल्यावर ९० दिवसांचा नोटीस पीरियड. याबद्दल तुम्हाला सांगायला नको. पण मेडिक्लेमबद्दल सांगतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. आण्णांना स्टेंट आहे. ग्रुप पॉलिसीत आईवडील होते, ते माझ्या शेवटच्या दिवसासोबत बाहेर पडले. नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. २०२४ आधी ही मर्यादा ४ होती. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो, पण तो नोकरीत असतानाच हलवावा. मी उशीर केला. सध्या आण्णांच्या छातीत जरा जळजळलं तरी मी आधी बँकेचं ॲप उघडतो. ही आहे माझी 'मनासारखी' नोकरी.

ती मनासारखी आहे, खरंच. सांगली जिल्ह्यातल्या दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी सात माणसांची फर्म. शेतकरी कॅन घेऊन येतो, काट्यावर लिटर, मशीनवर फॅट आणि एसएनएफ, आणि त्यावरून दर. गाईच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ धरून भाव ठरतो आणि खाली येणाऱ्या प्रत्येक पॉइंटला पैसे कापले जातात. पहिल्याच महिन्यात मला कोडमध्ये एक ओळ सापडली. मशीनने ३.४८ दिलं की पावतीवर ३.४ छापायची. पुढचा आकडा सरळ कापलेला. ३.४८ म्हणजे साडेतीनच की! कुणी मुद्दाम केलं होतं असं नाही, जुन्या डेव्हलपरचा आळस. ती ओळ बदलायला दोन मिनिटं लागली आणि मालकांना पटवायला तीन आठवडे, कारण दोन केंद्रचालकांना जुनंच हवं होतं. दहा दिवसांचं बिल निघालं तेव्हा एका केंद्रावर मी मुद्दाम उभा होतो. एक म्हातारी पावती डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "ह्या खेपेला बरं लागलं की दूध." पेमेंट सिस्टिममध्ये मी याच्या हजारपट पैसे इकडून तिकडे हलवले असतील. एकही चेहरा आठवत नाही.

म्हणून मी परत जाणार नाही. पण इथेही पहाटे साडेपाचला फोन येतो. काटा कनेक्ट होत नाही, बाहेर वीस माणसं कॅन घेऊन उभी. उठतो, कारण त्या माणसांना मी ओळखतो. आणि नेमकं हेच मालकांनाही कळलेलं आहे. पहाटेच्या कॉलचे वेगळे पैसे मागितले तर म्हणाले, "अहो, आपण घरचीच माणसं. पैशासाठी कुठं आलाय तुम्ही?" माझं समाधान त्यांनी माझ्या पगारातून आधीच वजा करून ठेवलंय. आणि इतकी कमी माणसं असलेल्या जागेला तो २०१७ चा कायदा जवळपास लागूच होत नाही. आम्ही सात.

तेव्हा 'आवडीचं काम कर, पैसा मागून येईल' म्हणणाऱ्यांनी जरा गप्प बसावं. आवडीच्या कामातही पहाट आपलीच जाते, आणि तिचा भाव मागताना जास्त लाज वाटते. जुन्या ठिकाणी मी कधी मागितलाच नाही, आणि ज्यांना निघणं शक्य नाही त्यांना तिथेच तसाच टाकून आलो. यातलं काय फुलवलं म्हणून बातमी करायची?

आण्णांना मालकांचं उत्तर सांगितलं. ते म्हणाले, "तोंडी बोलू नगंस. लेखी दे, तारीख घाल, पोच घे." अर्ज लिहिलाय. पहाटे सहाच्या आधीच्या प्रत्येक कॉलचे दोनशे रुपये, आणि महिन्याला दोन रविवार फोन बंद. पुनावळेवाल्या दोस्तालाही पाठवला, त्याने विचारलं होतं, नमुना म्हणून. मालक म्हणालेत, दहा तारखेचं बिल निघू दे, मग बघू. मी अकराला जाणार आहे.