रावबहादूर बोले यांचा ठराव आणि आपली पाणवठ्याची वाट

कायदेमंडळात आपला माणूस निवडून गेला, त्याच्या गळ्यात हार पडला, की आपले काम संपले, अशी समजूत आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंत घट्ट बसली आहे. ती घातक आहे, हे आम्ही निक्षून सांगतो. बंधूंनो, रावबहादूर सीताराम केशव बोले यांची कारकीर्द पाहा.

बोले भंडारी समाजातले. माडावर चढून पोट भरणाऱ्या जातीचा हा माणूस गिरणी कामगारांच्या कामगार हितवर्धक सभेच्या स्थापकांत होता. पुढे मुंबई कायदे कौन्सिलात गेल्यावर ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी ठराव मंजूर करून घेतला की, सार्वजनिक पैशाने बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, दवाखाने व कचेऱ्या अस्पृश्य बंधूंना खुल्या असाव्यात. अंमल होत नाही असे दिसताच ते स्वस्थ बसले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला : जी म्युनिसिपालटी वा लोकलबोर्ड हे मानणार नाही, त्याचे सरकारी अनुदान बंद करा! चाबूक कोठे लागतो हे या माणसाला ठाऊक होते.

आता आपल्या जिल्ह्यात काय घडले ते ऐका. सावित्रीकाठच्या महाडच्या म्युनिसिपालटीने जानेवारी १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. पण चवदार तळ्याचे पाणी तीन वर्षे अस्पृश्यांच्या ओठांना लागले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा तो ठराव जिवंत झाला. लगेच देवळात शिरणार अशी आवई उठली, स्पृश्यांच्या जमावाने डोकी फोडली आणि तळ्यात गोमूत्र-शेण ओतून शुद्धी झाली. बोल्यांच्या ठरावाला चार वर्षे झाली त्याच दिवशी, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्युनिसिपालटीने आपला ठराव फिरविला! हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला.

याचे सारे खापर भटशाहीवर फोडून आपण मोकळे होऊ म्हणाल, तर ते चालणार नाही. काठ्या उचलणारे सगळेच शेंडी-जानव्याचे नव्हते. बोल्यांना आपला म्हणायचे आणि त्यांच्या ठरावाच्या आड यायचे, हा कुठला न्याय?

खोतीचेही तसेच. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे बिल मांडले, पण त्याला बळ कोणी दिले? १९३३ पासून नारायण नागू पाटलांच्या पाठीशी उभे राहून खोत-सावकारांची शेते पडीक ठेवणाऱ्या चरीच्या कुळांनी, आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईच्या कौन्सिलावर चालून गेलेल्या हजारो शेतकऱ्यांनी. खोती कायद्याने संपली ती १९४९ साली.

म्हणून उमेदवार दारात आला की जात विचारू नका. विचारा : ठराव कोणता मांडलात? तो अंमलात आला का? नाही आला तर दुसरा मांडलात का? मग तेवढेच स्वतःलाही विचारा : त्या ठरावासाठी घरातून किती जण बाहेर पडलो? कौन्सिलातला कागद गावच्या पाणवठ्यापर्यंत आपोआप चालत येत नाही. त्याला आपलेच पाय लागतात.