‘काय केलंस?’ पुरे झालं, ‘काय खाल्लंस?’ विचारा

वस्तीत जयभीम घालून झाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “जेवण झालं का?” नळावर, रेशनच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, सकाळी कामाला निघालेल्या बायकांच्या घोळक्यात हाच प्रश्न. त्याला जोडून दुसरा, “आज काय केलंस?” मग गप्पा सुरू होतात. कुणी वांग्याचे भरीत केलेले असते, कुणाकडे मटकीची उसळ, कुणाकडे पाहुणे आले म्हणून चिकन. कुणाची वेळ चटणी-भाकरीवरच भागलेली असते. ती “केलं आपलं काहीतरी” म्हणते आणि विषय बदलते.

पुरुष मंडळी याला रिकामटेकड्या गप्पा म्हणतात. आम्हाला तसे वाटत नाही. कुणाच्या घरात आज चूल पेटली नाही, कुणाची सून उलट्यांनी हैराण आहे, कुणाच्या म्हाताऱ्याला भाकरी चावेनाशी झाली, हे सगळ्यात आधी नळावरच कळते. वस्तीच्या तब्येतीची खबर या गप्पांतच असते. पण त्यात एक प्रश्न कधीच येत नाही. बाईने काय रांधले हे सगळे विचारतात. तिने स्वतः काय खाल्ले हे कुणी विचारत नाही, आणि तीही सांगत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की हा प्रश्न आता विचारायला लागू या. आपल्या घराघरांतला एक मोठा आजार त्याच्या उत्तरात लपलेला आहे.

शेवटचे ताट

रात्रीचे जेवण डोळ्यांसमोर आणा. आधी मुले बसतात, मग घरधनी, मग सासरे. प्रत्येकाला तव्यावरची गरम भाकरी पाहिजे असते. त्यामुळे भाकरी थापणारीला शेवटची भाकरी उतरेपर्यंत उठता येत नाही. सासूबाई “तिच्याबरोबर बसते” म्हणून थांबतात, म्हणजे त्याही शेवटीच. पातेल्यात तळापर्यंत पळी घातली की डाळ येते, आणि ती आधीच्या ताटांत गेलेली असते. उरलेल्यात थोडे पाणी घालून, पातेले खळबळून, ते भातावर ओतून घरची बाई जेवते. कालवण असेल तर तिच्या वाट्याला रस्सा उरतो. माणसे पाच आणि अंडी चार असतील तर ती म्हणते, “मला अंडं आवडत नाही.”

सकाळी ती रात्रीची भाकरी चहात बुडवून खाते आणि धुण्याभांड्याच्या कामाला निघते. त्यानंतर पोटात काही पडते ते दुपारी दोन-तीनला. तोपर्यंत कामाच्या घरी मिळालेला चहा, तोही दोनदा-तीनदा.

तिला कुणी उपाशी ठेवलेले नसते. घरातले कुणी वाईट वागलेले नसते. पण रोज थोडे थोडे कमी पडत जाते आणि काही वर्षांनी ते अंगावर दिसायला लागते.

हिशेब उलटा आहे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण 25 टक्के होते. 15 ते 19 वयाच्या मुलींत ते 59 टक्के, तर मुलांत 31 टक्के. म्हणजे शंभर मुली उभ्या केल्या तर त्यातल्या साठेक मुलींच्या अंगात रक्त कमी आहे.

आता दुसरा आकडा पाहा. 2020 च्या भारतीय शिफारशींप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला 19 मिलिग्रॅम लोह लागते आणि स्त्रीला 29 मिलिग्रॅम. दर महिन्याला पाळीत रक्त जाते, म्हणून तिची गरज दीडपट आहे. ज्या माणसाची गरज दीडपट, त्याच माणसाच्या ताटात शेवटचे आणि पातळ वाढले जाते. घरातला हा हिशेब उलटा चालला आहे.

“कमावणाऱ्याला आधी वाढायला नको का?” असे कुणी विचारेल. जरूर वाढा. पण वस्तीतली कोणती बाई कमवत नाही? चार घरची भांडी घासणारी, बिगारीवर घमेली उचलणारी, घरात बसून पाकिटे चिकटवणारी, सगळ्याच कमावतात. वर पाण्याचे हंडे आहेतच.

रक्त कमी असले की लगेच काही दुखत नाही, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. उठताना डोळ्यांसमोर अंधारी येते. हंडा घेऊन जिना चढताना छातीत धडधडते. हातपाय गळून जातात. खालची पापणी ओढून पाहिली तर आतली लाली फिकी दिसते. काही बायकांना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. त्यावर हसू नका, तेही रक्त कमी असल्याचे लक्षण असू शकते. गरोदरपणात रक्त कमी राहिले तर बाळ कमी वजनाचे जन्मू शकते, आणि बाळंतपणात रक्तस्राव झाला तर आईच्या जिवावर बेतते. मुलगी असेल तर वर्गात तिचे लक्ष लागत नाही. घरचे म्हणतात, “आळशी झाली आहे.”

ताटात काय असावे

इथे पैशाचा प्रश्न येतो आणि तो खरा आहे. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, पण त्यात डाळ नसते. त्यामुळे पोट पोळी-भाताने भरते आणि डाळ पातळ होत जाते. म्हणून थोडक्या पैशांत काय साधते ते पाहू.

मोड आलेली मटकी, मूग, हुलगे, काळे चणे, मसूर यांपैकी काहीतरी रोज असावे. मूठभर कडधान्य भिजवून मोड आणले की घरभर उसळ होते. मोड आल्याने त्यातले लोह अंगी लागायला मदत होते. नुसत्या भातापेक्षा तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ घालून केलेली खिचडी कितीतरी बळ देते. बाजरी आणि नाचणी आपल्या आज्यांनी खाल्ली, ती गरिबी म्हणून सोडू नका. शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे यांची चटणी रोजच्या भाकरीला चव आणि ताकद दोन्ही देते. मेथी, शेपू, राजगिरा, चवळीचा पाला स्वस्त असेल त्या दिवशी घ्या. संध्याकाळी बाजार उठायच्या वेळी भाजीचे वाटे उतरतात. फ्लॉवरचा कोवळा पाला टाकू नका, त्याची भाजी होते. भाजी आधी धुवा, मग चिरा.

जेवताना लिंबाची फोड पिळली की पालेभाजी-डाळीतले लोह अंगाला जास्त लागते. कच्चा कांदा, टोमॅटो, पेरू, आवळा यांचाही उपयोग होतो. उलट, जेवणावर लगेच चहा घेतला तर ते लोह वाया जाते. जेवण आणि चहा यांत निदान तासाभराचे अंतर ठेवा. आपल्या बायकांची भाकरी-चहाची न्याहारी याच कारणाने बदलायला हवी. तीच भाकरी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर किंवा उरलेल्या उसळीबरोबर खा आणि चहा नंतर घ्या.

मुलांच्या हातात रोज पाच रुपयांचे पाकीट असते. त्यात हवा जास्त, माल कमी, आणि जो माल आहे त्यात मीठ आणि तेल. दोन दिवसांच्या पाकिटांच्या पैशांत एक अंडे येते किंवा मूठभर फुटाणे-शेंगदाणे येतात. हा हिशेब मुलांनाच करायला लावा.

आवाज खाली का जातो?

नळावरच्या गप्पांत आणखी एक गोष्ट आम्हाला दिसते. पनीर, पुलाव सांगताना आवाज मोठा असतो. सुकट, वजडी, मुंडी, कलेजी सांगताना आवाज खाली जातो. कामाच्या घरी तर नावच काढायचे नाही. शाळेत डब्याला वास येतो म्हणून मुले सुकट-बोंबील नेत नाहीत, आणि त्या जागी मैद्याचे नूडल्स जातात.

ज्या अन्नावर आपल्या मागच्या पिढ्या कष्ट करू शकल्या, त्याची लाज कशाला? शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीवर ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक 2015 साली लिहिले. आज त्याची चर्चा इंग्रजीतही होते. आरोग्याच्या बाजूने पाहिले तर कलेजीत भरपूर लोह आहे, आणि मांस-मासळीतले लोह भाजीतल्या लोहापेक्षा अंगाला लवकर लागते. आठवड्यातून एकदा थोडी कलेजी पुरते. गरोदर बाईने मात्र कलेजी रोज खाऊ नये. वजडी नीट साफ करून, पूर्ण शिजवूनच खावी. सुकट खारट असते, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी ती गरम पाण्यातून दोनदा काढावी.

काही घरांनी मांसाहार सोडला आहे. तो त्यांचा विचार आहे, त्याचा मान ठेवू या. पण मांस गेले तर त्या जागी डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध-दही आले पाहिजे. मांस सोडले आणि ताटात काहीच वाढले नाही, तर त्याचा फटका पुन्हा शेवटच्या ताटालाच बसतो.

करायचे काय?

आमची पहिली सूचना साधी आहे. भाकऱ्या सगळ्या आधी करून फडक्यात गुंडाळून ठेवा आणि मग सगळे एकत्र बसा. भाकरी थोडी निवेल, पण घरची बाई बसून, सगळ्यांबरोबर, पोटभर जेवेल. गरम भाकरीचा हट्ट धरणाऱ्याने एकदा स्वतः तव्यापुढे बसून पाहावे.

दहा बाय दहाच्या खोलीत सगळे मावत नाहीत, कुणाची रात्रपाळी असते, कुणी रिक्षा घेऊन उशिरा येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. तिथे नियम असा करा की कुणीही घास घेण्याआधी सगळ्यांची ताटे वाढायची. जो घरी नाही त्याचे ताट झाकायचे, आणि भाकरी करणारीचे ताटही त्याच वेळी, त्याच पळीने वाढायचे. चार अंडी आणि पाच माणसे असतील तर अंड्यांची बुर्जी करा, सगळ्यांना सारखी येते.

जेवताना टीव्ही आणि मोबाईल बाजूला ठेवा. दिवसभरात कोण कुठे गेले, शाळेत काय झाले, मुकादम काय म्हणाला, हे बोला. कर्जाचा हप्ता, मुलांचे मार्क, सासरचे उणेदुणे यांना मात्र ताटावर जागा देऊ नका. ताटावर ओरडा खाल्लेले मूल अर्धे जेवून उठते. ज्या घरात बाप पिऊन येतो आणि भीतीपोटी बायकामुले न जेवता झोपतात, त्या घराची गोष्टही नळावर दबक्या आवाजात न ठेवता तिच्या मदतीपर्यंत न्यायला हवी.

दुसरी सूचना तपासणीची. रक्ताची म्हणजे हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. स्त्रीचे 12 च्या खाली, गरोदर असेल तर 11 च्या खाली, आणि पुरुषाचे 13 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. एकदा रक्त फार उतरले की नुसत्या पालेभाजीने ते भरून येत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा किमान 180 लोहगोळ्या सरकारकडून मिळतात. शौचाला काळे झाले तर घाबरून गोळी बंद करू नका, ते लोहामुळे होते. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, पण चहा-दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, किंवा पाळीत फार रक्त जात असेल, तर डॉक्टरांना दाखवा. शाळेत मुलींना आठवड्याला मिळणारी निळी गोळी दप्तरात राहते की पोटात जाते, हे आईने विचारावे.

बाबासाहेबांनी 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले होते की समाजाची प्रगती ते त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. पत्नीने पतीची दासी न राहता बरोबरीची मैत्रीण व्हावे, असेही त्यांनी तिथे बजावले. बरोबरीची मैत्रीण खळबळलेल्या पातेल्याचे पाणी पिऊन झोपत नाही. समतेवर आपण विहारात, जयंतीच्या मंडपात पुष्कळ बोलतो. तिची सोपी परीक्षा रोज रात्री घरातल्या पळीपाशी होते.

महिला मंडळाने येत्या रविवारी विहारात जमल्यावर आशाताईला बोलावून रक्ततपासणीचा दिवस ठरवावा. तोपर्यंत एक काम आजपासूनच करता येईल. नळावर भेटलेल्या वहिनीला, आक्काला, शेजारच्या नव्या सुनेला विचारा, “तू आज काय खाल्लंस?” ती पहिल्यांदा हसेल, “आपलं नेहमीचंच” म्हणेल. पुन्हा विचारा. आणि तिने आपल्याला विचारले, तर खरे उत्तर द्या.