‘चाललंय’ म्हणजे किती चाललंय?

मैत्रिणींनो, सांधे दुखतात म्हणून डॉक्टरांकडे गेलं आणि त्यांनी “काय म्हणतंय दुखणं?” असं विचारलं, की आपलं उत्तर ठरलेलं असतं. “चाललंय आपलं!” खरं तर सकाळी तासभर बोटं वळत नसतात, कणीक मुलीनं मळून दिलेली असते, कुकरचं झाकण दुसऱ्या कुणाकडून लावून घेतलेलं असतं. पण यातलं काही आपल्या तोंडून निघत नाही. स्वयंपाक झाला ना, डबे गेले ना, मग तक्रार कसली! डॉक्टरही मग मागचंच औषध पुढे चालू ठेवतात.

आमवातात हे परवडत नाही. डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो हा आजार. पुरुषांपेक्षा बायकांत तो दुपटी-तिपटीनं आढळतो. सांध्यांची सूज वेळीच आटोक्यात आली नाही तर सांधे आतून खराब होतात, बोटं वाकडी होतात; आणि एकदा वाकडी झालेली बोटं गोळ्यांनी सरळ होत नाहीत. म्हणूनच दुखण्यानं आपलं किती काम खाल्लं, ते डॉक्टरांना नेमकं कळायला हवं.

ते मोजता येतं, बरं का! १९९३ साली यासाठी एक छोटी प्रश्नावली प्रसिद्ध झाली. ती मागच्या सात दिवसांबद्दल विचारते. समजा, तुमची नोकरी आठवड्याला ४० तासांची आहे. दुखण्यापायी ४ तास रजा झाली. उरलेल्या ३६ तासांत दुखण्यानं कामात किती अडथळा आणला, त्याला शून्य ते दहा असे गुण द्यायचे. तुम्ही ३ दिलेत, म्हणजे त्या वेळातलं ३० टक्के काम गेलं. जवळजवळ ११ तास. रजेचे ४ मिळवले की झाले १५. एकूण ३७ टक्के काम बुडालं, आणि हजेरीपटावर दिसतात फक्त चार तास!

“अहो, पण घरकामाचं काय?” असं तुम्ही विचारणारच. घरात हजेरीपट नाही आणि रजाही नाही. २०१९ सालच्या सरकारी पाहणीत दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ९७. एवढ्या मोठ्या कामाचा हिशेबच धरायचा नाही म्हणजे काय? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, खास आमवाताच्या रोग्यांसाठी केलेल्या प्रश्नावलीत घरकामाला वेगळी जागा दिलेली आहे. तिच्या धर्तीवर दुधाच्या हिशेबासारखी एक वही घाला. महिन्याच्या शेवटी त्यात एवढंच लिहा:

१. किती दिवस घरकाम मुळीच झालं नाही?
२. किती दिवस ते निम्मं किंवा निम्म्याहून कमी झालं? (पहिल्या प्रश्नातले दिवस पुन्हा धरू नका.)
३. दुखण्यापायी किती दिवस पैसे देऊन जादा मदत घ्यावी लागली?
४. किती दिवस लग्नकार्य, हळदीकुंकू, जाणंयेणं टाळलं?
५. घरकामात एकूण अडथळा किती? शून्य ते दहा.

मुलीनं, सासूबाईंनी किंवा जाऊबाईंनी उचललेलं काम शेजारी वेगळं टिपा. ते तुमच्या हातून झालेलं नाही, हे विसरू नका. महिनाभराचं आठवत बसण्यापेक्षा रोज रात्री निजण्यापूर्वी एक ओळ लिहून टाकलेली बरी.

आमवाताची मूळ औषधं लागू पडायला काही आठवडे लागतात. अशा वेळी “जरा बरं वाटतंय” यावरून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. “मागच्या महिन्यात निम्म्या कामाचे नऊ दिवस होते, या महिन्यात चार,” असं सांगितलंत तर खूपच कळतं. आकडा दोन-तीन महिने हलला नाही, तर तेही स्पष्ट सांगा. औषध बदलायचं की वाढवायचं ते डॉक्टर तपासून ठरवतील. वहीतल्या आकड्यावरून आपल्या मनानं गोळ्या कमी-जास्त मात्र करू नका.

आणि हो, ही वही घरच्यांनाही वाचू द्या. रोज आयतं ताट पुढे आलं की ते वाढणारा हात किती दुखतो, हे कुणाला दिसत नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना जुन्या कागदांबरोबर ती पिशवीत टाका, आणि “चाललंय” म्हणण्याआधी उघडून डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवा.