भट्टीवर जाण्याआधी यादीत नाव बघा



हळवं भात कापून झालं, गरवं अजून उभं आहे. दिवाळी तोंडावर आली. दिवाळी झाली की मुकादम पाड्यात फिरायला लागतील, बयाणा वाटतील, आणि अर्धा पाडा पोराबाळांसकट भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर जाईल. घरी राहतील म्हातारी माणसं, कुत्री आणि कोंबड्या. 2012 सालात जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची सार्वत्रिक निवडणूक झाली. त्याआधीची 2007 साली झाली होती. म्हणजे नावं नोंदायची, तपासायची ती आत्ताच, पाडा भरलेला आहे तोवर.

बैठकीत हा विषय निघाला की एक बोल ठरलेला असतो. "मत देऊन काय मिळालं? निवडून येतो तो पाच वर्षं दिसत नाही." हा बोल खोटा नाही. पण या वेळी आपल्या प्लॉटाचा प्रश्न या मताला सरळ जोडलेला आहे. तो कसा, ते आधी नीट समजून घेऊ.

वनहक्क कायदा 2006 चा, त्याचे नियम 1 जानेवारी 2008 चे. आपण ग्रामसभेत दावा मांडला, वनहक्क समितीने प्लॉटाची पाहणी केली, ग्रामसभेने ठराव केला. पुढे तो दावा जातो उपविभागीय समितीकडे. तिथे प्रांतसाहेब अध्यक्ष, एक फॉरेस्टचा अधिकारी, एक आदिवासी विभागाचा अधिकारी, आणि पंचायत समितीचे तीन सभासद. तिथून दावा जातो जिल्हा समितीकडे. तिथे कलेक्टर, फॉरेस्टचा अधिकारी, आदिवासी विभागाचा अधिकारी, आणि जिल्हा परिषदेचे तीन सभासद. दोन्हीकडे या तिघांतले किमान दोन आदिवासी पाहिजेत, असं नियमात लिहिलेलं आहे. आणि दोन्ही समित्यांवर हे सभासद पाठवते जिल्हा परिषद.

आता मोजा. सहा माणसांच्या समितीत तीन माणसं मतावर निवडून आलेली. दावा फेटाळायचा कागद पुढे येतो तेव्हा ही तीन माणसं तोंड उघडतात का? "या प्लॉटावर मी स्वतः नागली उभी बघितली आहे, जागेवर चला," असं म्हणतात का? का चहा पिऊन सही करून येतात? हे ठरतं आपण कुणाला निवडून दिलं त्यावर. फॉरेस्टवाल्याला आपण निवडत नाही, कलेक्टरला निवडत नाही. या तिघांवर मात्र आपला हात पोचतो.

दुसरं. दाव्याला निदान दोन पुरावे लागतात. सरकारी कागदांच्या पुराव्यात मतदार ओळखपत्र नियमाने धरलेलं आहे. नुसत्या त्या कार्डावर प्लॉट मिळत नाही, पण "हा माणूस या गावचा नाहीच" असं म्हणणाऱ्याचं तोंड बंद करायला ते चालतं.

तिसरं. ग्रामपंचायतीच्या कायद्यात ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत ज्यांची नावं आहेत ती माणसं. यादीत नाव नसलेल्या माणसाने ग्रामसभेत हात वर केला, तर तो मोजायचा नाही असं म्हणायला ग्रामसेवकाला आयती संधी मिळते. ती त्याला का द्यायची?

नाव कसं घालायचं

18 वर्षं पुरी झालेल्या प्रत्येकाला नाव घालता येतं. 2022 पर्यंत वय धरायचे ते 1 जानेवारीला. म्हणजे 2012 च्या यादीसाठी ज्याचा जन्म 1 जानेवारी 1994 ला किंवा त्याच्या आधी झाला तो पात्र होता.

नवीन नावासाठी नमुना 6. मेलेल्या किंवा कायमच्या गेलेल्या माणसाचं नाव काढायला नमुना 7. नाव, वय, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव चुकलं असेल तर नमुना 8. त्याच विधानसभा मतदारसंघात एका गावातून दुसऱ्या गावात गेलेल्यांसाठी 2022 पर्यंत नमुना 8 अ होता. लग्न होऊन दुसऱ्या मतदारसंघातून आलेल्या सुनेला 2022 पर्यंत नमुना 6 भरावा लागायचा आणि त्यात माहेरचा पत्ता लिहावा लागायचा, म्हणजे तिकडचं नाव निघायचं. आपल्याकडे सुनांची नावंच जास्त राहतात. माहेरी कमी होतात आणि सासरी चढत नाहीत.

हे सगळे फॉर्म फुकट आहेत. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. फॉर्म द्यायचा बीएलओकडे. प्रत्येक मतदान केंद्राला एक बीएलओ नेमलेला असतो, बहुतेक गावांत गुरुजी, अंगणवाडीताई नाहीतर तलाठी. तो भेटत नसेल तर सरळ तहसील कचेरीत द्या. सोबत एक फोटो, राहण्याचा पुरावा आणि वयाचा पुरावा. शाळेत गेलेल्या पोराला शाळेचा दाखला आहे. जो शाळेतच गेला नाही त्याच्यासाठी आईबापाने ठरलेल्या नमुन्यात वयाचं निवेदन लिहून द्यायचं. आईबाप नसतील तर सरपंचाचा दाखला. "दाखला नाही तर नाव नाही" असं सांगून कुणी परत पाठवलं, तर ऐकून परत येऊ नका.

फॉर्मच्या खालच्या भागाला पोच असते. ती सही करून फाडून घ्या आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. पोच नसली तर पुढे भांडायला हातात काही राहत नाही. अर्ज नामंजूर झाला तर 15 दिवसांत कलेक्टरकडे अपील करता येतं.

यादी दोनदा बघायची

इथे भलेभले फसतात, म्हणून ध्यान देऊन वाचा. जिल्हा परिषदेसाठी नवीन यादी कुणी करत नाही. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो. त्या तारखेला विधानसभेच्या यादीत जी नावं असतील तीच घेऊन गटांत आणि गणांत वाटतात. मग ती वाटलेली यादी कचेरीत लावतात आणि हरकती मागवतात. त्या वेळी अगदी नवीन नाव घालता येत नाही. फक्त एवढंच सांगता येतं की माझं नाव विधानसभेच्या यादीत आहे पण इथे आलं नाही, किंवा आमचा पाडा चुकून दुसऱ्या गणात टाकला.

म्हणून पहिली तपासणी विधानसभेच्या यादीची, आणि ती आत्ता. दुसरी तपासणी गट-गणाची यादी लागेल तेव्हा. तेव्हा पाडा भट्टीवर असेल. म्हणून प्रत्येक पाड्याने घरी राहणाऱ्यांतली दोन शिकलेली पोरंपोरी आताच नेमून ठेवा. त्यांच्याकडे सगळ्यांच्या नावाची यादी आणि अनुक्रमांक लिहून द्या. तहसीलला जाऊन यादी बघायचं काम त्यांचं.

पाड्यात बसून यादी मोठ्याने वाचा. घरागणिक वाचा. कोण राहिलं, कोण मेलं, कुणाचं नाव दोनदा आलं, कुणाच्या पुढे दुसऱ्याच बाईचा फोटो लागला, सगळं तिथल्या तिथे कळतं. शहरात बसून नाव टाइप करणाऱ्याला आपली नावं आडनावं समजत नाहीत. ती नीट करून घेणं आपलंच काम.

"स्थलांतरित" म्हणून नाव कापलं तर

दरवर्षी हीच रड. तपासणीला माणूस येतो, झोपडीला कुडाचं दार लावलेलं बघतो, "स्थलांतरित" असा शेरा मारतो आणि निघून जातो. मतदानाच्या दिवशी कळतं की नाव नाही.

कायदा याच्या उलट आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 20 मध्ये स्पष्ट आहे की माणूस काही दिवसांसाठी बाहेर गेला म्हणून तो तिथला रहिवासी नाही असं होत नाही. पाच-सहा महिने भट्टीवर विटा पाडून पावसाआधी राब भाजायला आणि आवणीला जो गावी येतो, तो गावचाच रहिवासी. आणि कलम 22 प्रमाणे हा माणूस आता इथे राहत नाही म्हणून नाव काढायचं असेल, तर आधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. गुपचूप काढता येत नाही. नाव कापलेलं दिसलं की लेखी विचारा: नोटीस कुणाला दिली, कधी दिली, कुणी घेतली? तोंडी नको, लेखीच. त्यासोबत नमुना 6 पुन्हा भरा.

आपल्या बाजूनेही एक पथ्य पाळा. भट्टीच्या गावात कुणी पुढारी येऊन "इथे पण नाव घालतो" म्हणाला, तर हो म्हणू नका. नाव एकाच ठिकाणी असतं. दोन ठिकाणी घालणं गुन्हा आहे, आणि त्या नादात गावचं नाव जातं. गावचं नाव गेलं की ग्रामसभा आणि दाव्याचा पुरावा दोन्हींना धक्का.

मतदानाच्या दिवशी

भट्टीवरून पोस्टाने मत देता येत नाही. यावंच लागतं. म्हणून बयाणा घेतानाच मुकादमाला चार माणसांदेखत सांगा की मतदानाला दोन दिवस सुट्टी पाहिजे. गाडीभाड्याचे पैसे पाड्याने मिळून बाजूला काढा. उमेदवाराच्या फुकटच्या गाडीत बसू नका. त्या गाडीत बसून आलेला माणूस उतरताना मिंधा झालेला असतो.

मतदार कार्ड शेठकडे, मुकादमाकडे किंवा पुढाऱ्याकडे ठेवायला देऊ नका. कार्ड हरवलं असलं तरी यादीत नाव असेल तर आयोगाने सांगितलेला दुसरा ओळखीचा कागद चालतो. फोटो असलेलं रोजगार हमीचं जॉबकार्ड, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटोचं पासबुक अशा यादीत सहसा असतं. उलट कार्ड हातात आहे पण यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही.

मतं दोन द्यायची. एक जिल्हा परिषदेच्या गटाला, एक पंचायत समितीच्या गणाला. एक बटण दाबून माघारी फिरू नका. तुमचं मत आधीच कुणी टाकून गेलं असं कळलं तर भांडून घरी येऊ नका. केंद्राध्यक्षाला सांगा, तुमची ओळख पटली की तो प्रदत्त मतपत्रिका देतो. मशीन नाही, कागदावर शिक्का, आणि ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवतात. वेळ संपताना जे रांगेत उभे असतील त्या सगळ्यांना मत देता येतं. आंधळ्या, अधू माणसाला सोबती नेता येतो. बाकी कुणाचं बटण कुणी दाबायचं नाही. नवऱ्याने बायकोचंही नाही.

2011 च्या कायदाबदलाने या संस्थांत निम्म्या जागा बायांच्या झाल्या आहेत. आपल्या प्लॉटावर राबणाऱ्या, फॉरेस्टवाल्यांपुढे उभ्या राहिलेल्या बाया आपल्याकडे कमी नाहीत. बाईचं नाव आणि कारभार नवऱ्याचा, असं होऊ द्यायचं नसेल तर पाड्याने आताच बसून ठरवावं.

मत कुणाला, हे आम्ही इथे सांगत नाही. ते पाड्याने ठरवावं. पण मत मागायला येईल त्याला तीन गोष्टी विचारा. दावा फेटाळण्याआधी प्लॉटावर येशील का? समितीत काय बोललास ते ग्रामसभेत येऊन सांगशील का? फेटाळलेल्या दाव्याची कारणं लेखी मिळवून देशील का? जो नुसता दारू आणि नोट पुढे करतो त्याने उत्तर दिलंच, असं समजा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने आपली यादी वाचून, राहिलेल्यांची नावं लिहून आणावीत. फॉर्म संघटनेकडे मिळतील. भरायला येत नसेल तर आमची पोरं भरून देतील. गरवं भात कापून होईपर्यंत हे काम पुरं झालं पाहिजे.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!