गाभोळीचा वाटा

मृगाचे दमदार पाऊस झाले, की तुंगारेश्वरच्या डोंगरातून उतरणाऱ्या ओहोळांना गढूळ पाणी येते आणि त्या पाण्याच्या उलट दिशेने मासा चढू लागतो. मळ्या, शिंगटी, मरळ. डोहांत उन्हाळा काढलेले हे जीव पोटात गाभोळी घेऊन उथळ पाण्याकडे, भाताच्या खाचरांकडे निघतात. अंडी घालावयास त्यांना तीच जागा हवी असते. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो. वर्षातील ही मोजक्या दिवसांची घटका, आणि नेमक्या याच घटकेला वसईच्या पूर्वपट्टीतील आपल्या घरांतून टॉर्च, पोती आणि काठ्या बाहेर पडतात.

हटकले, तर “हे पूर्वापार चालत आले आहे” असे उत्तर आम्हांला मिळते. पूर्वापार काय चालत आले होते? कामट्यांचा सापळा, पाग, गळ आणि हात. सापळ्याच्या फटींतून बारीक मासा निसटत असे, दमलेला माणूस मध्यरात्री घरी परतत असे आणि उरलेला मासा वर जात असे. आज ओहोळाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत बारीक आसाचे नायलॉनचे जाळे ताणले जाते. कुठे बॅटरीचा शॉक, कुठे डोहात ब्लीचिंग पावडर. त्या पावडरीने माशाचे कल्ले भाजतात आणि तो तरंगू लागतो. त्याच्याबरोबर अंडी, पिल्ले, खेकडे, पाण्यातील किडे मरतात ते कोणी पाहत नाही. त्याच पाण्यावर खाली गुरे येतात. याला परंपरा म्हणणे हा पूर्वजांवर घेतलेला आळ आहे!

स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास या देशात १८९७ सालीच कायद्याने बंदी केली. दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात होती. जाळ्याचा आस, बंधारे आणि बंदीचा काळ यांविषयी नियम करण्याचा अधिकारही त्याच कायद्याने प्रांतिक सरकारांना दिला. सव्वाशे वर्षे नियम कागदावर आहे. ओहोळाच्या काठी तो उतरला नाही. समुद्रावर मात्र उतरला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात आणि आमच्या कोळी धर्मबांधवांची मिळकत थांबते. ज्याचे पोट मासळीवर आहे त्याने थांबावे आणि ज्याचे घर पगारावर चालते त्याने हौसेखातर ओहोळ उपसावा, हा कुठला न्याय?

काही सज्जन दुसरे टोक गाठून पावसाळ्यात ओहोळावर सरसकट बंदी मागतात. तिलाही आमचा विरोध आहे. अशा बंदीत पहिली कोण सापडेल? टोपलीत मूठभर मासे घेऊन पायी निघालेली आदिवासी बाई. मोटारसायकलवर बॅटरी घेऊन आलेला आपला तरुण केव्हाच पसार झालेला असेल. घरचे धान्य संपत आलेल्या दिवसांत तो मासा तिच्या घरचे कालवण असतो. आपल्याकडे तो फ्रीजमध्ये जातो. नियम साधनांवर असावा. वीज नको, विष नको, आणि निम्मा प्रवाह सदैव मोकळा राहावा.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याविषयी एक लहानसा नियम आहे. पिल्ले घेण्यास मुभा आहे, पण आईला जाऊ द्यावयाचे. सेमिनरीत असताना हा उतारा आम्ही घाईने ओलांडला होता. चढणीच्या माशात आपण नेमकी आई घेतो, आणि पोट भरलेले म्हणून अधिक कौतुकाने घेतो.

हे लिहिणाऱ्याचे हातही स्वच्छ नाहीत. दोन पावसाळ्यांपूर्वी धर्मगुरुनिवासात आलेली गाभोळीची वाटी आम्ही आवडीने संपविली. मासा कसा धरला, हे विचारले नाही. ब्लीचिंगची गोष्ट नंतर कानावर आली.

अनुसूचित क्षेत्रातील गावांत लहान जलाशयांचे व्यवस्थापन १९९६ च्या पेसा कायद्याने पंचायतींकडे सोपविले आहे. इतर गावांच्या ग्रामसभांनाही ठराव करून मत्स्यव्यवसाय विभागाकडे पाठविण्यास कोणी अडविलेले नाही. मात्र १ मेच्या ग्रामसभेला आपली माणसे बोटांवर मोजण्याइतकी असतात. हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेल्या समाजाला तीन ओळींच्या ठरावासाठी एक सकाळ जड जाऊ नये. मसुदा आम्ही तयार ठेवला आहे. रविवारच्या मिस्सानंतर मागून घ्यावा. आणि यंदा धर्मगुरुनिवासात गाभोळी कोणी आणू नये.