रुमालाखालची दलाली

२०२३ च्या खरिपात आमच्या गल्लीतल्या एका चाचांनी बॅटरीवर चालणारा फवारणी पंप घेतला. माझ्या वेबसाइटवर वाचून घेतला. 'शेतकऱ्यांसाठी सर्वोत्तम पाच फवारणी पंप' असं त्या पानाचं नाव होतं. पहिल्या नंबरच्या पंपाला मी पाचपैकी पावणेपाच तारे दिले होते. तो पंप मी आयुष्यात कधी हातात धरलेला नव्हता. कंपनीने दिलेली माहिती, दुकानाच्या पानावरचे चार अभिप्राय आणि मशीनकडून लिहून घेतलेले दोन परिच्छेद, एवढ्यावर ते पान उभं होतं.

तीन आठवड्यांत बॅटरी चार्ज धरेना. त्या कंपनीचं नांदेडला सर्व्हिस सेंटर नाही, हे पंप बिघडल्यावर कळलं. चाचांनाही आणि मलाही. ते भांडायला आले नाहीत. आमच्या ओट्यावर बसले आणि एवढंच म्हणाले, "बेटा, तूच तो लिख्या था ना, अच्छा है करके."

चाचांचे सव्वीसशे रुपये गेले. मला त्या पंपावर ब्याण्णव रुपये कमिशन मिळालं होतं.

ही गोष्ट सांगायला मला लाज वाटते. तरी लिहितो, कारण आज अर्धापूरपासून उदगीरपर्यंत आपल्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर 'घरबसल्या कमवा'चे मेसेज फिरत आहेत, आणि या धंद्यात नेमकं काय चालतं हे त्यातला माणूस सहसा बोलत नाही.

धंदा नवा नाही

अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणजे दलाली. एकाच विषयावर छोटी वेबसाइट काढायची, तिला धंद्यात 'निश साइट' म्हणतात. मिक्सर, कुलर, फवारणी पंप, काहीही. तिथे वस्तूंची माहिती लिहायची आणि खाली ऑनलाइन दुकानाची लिंक द्यायची. त्या लिंकवरून कुणी माल घेतला की दुकान आपल्याला टक्का देतं. अ‍ॅमेझॉनने ही पद्धत १९९६ साली पुस्तकं विकताना सुरू केली. घेणाऱ्याला त्यासाठी जास्त पैसे पडत नाहीत. यात मुळात वाईट काही नाही.

अर्धापूरच्या पोराला दलाली समजावून सांगायची गरजही नाही. माझे अब्बा केळीच्या गाड्या भरतात. इसापूर धरणाच्या पाण्यावर वाढलेले घड इथून ट्रकांनी उत्तरेकडे जातात. बागवान, व्यापारी, आडत्या, हमाल असे कितीतरी हात मध्ये असतात आणि प्रत्येक हात आपलं काही काढून घेतो. आडत्याला आपण कधी चोर म्हटलं नाही. त्याने भाव लपवला, वजनात कडता लावला, की मग चोर म्हटलं.

जुनी माणसं बाजारातल्या 'हत्ता' पद्धतीबद्दल सांगतात. व्यापारी आणि आडत्या रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचे आणि ज्याचा माल तो शेतकरी समोर बसून रुमालाकडे बघत राहायचा. ही पद्धत मोडावी, लिलाव उघड व्हावा, पट्टीवर काय कापलं ते दिसावं, यासाठी बाजार समित्यांचे कायदे आले. २०१६ साली महाराष्ट्रात फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. आडत्याने कमवूच नये, असं या सगळ्या झगड्यात कुणाचं म्हणणं नव्हतं. कोण किती घेतो ते उघड दिसावं, एवढीच मागणी होती.

आणि आपण शिकलेल्या पोरांनी तोच रुमाल मोबाइलवर परत आणला. चाचांना ठाऊकच नव्हतं की त्या बटणाखाली माझा टक्का आहे. त्यांना वाटलं, गल्लीतल्या शिकलेल्या पोराने भल्यासाठी सांगितलं.

मला हे शिकवलं कुणी?

शिकवणारे भरपूर आहेत. मी ९,९९९ रुपयांचा कोर्स घेतला होता. पैसे अम्मीच्या भिशीचे. त्या वर्षी भिशी तिला लागली होती आणि बाजीच्या बाळंतपणासाठी ठेवायची होती. झूमवर कोटवाला एक माणूस यायचा, मागे भाड्याची गाडी उभी. "झोपेत पैसे येतील," असं तो म्हणायचा. वेबसाइट कशी काढायची ते त्याने दोन दिवसांत उरकलं. उरलेले दहा दिवस एकच धडा होता: हाच कोर्स आणखी तिघांना विका, प्रत्येकामागे निम्मे पैसे तुमचे.

इथे थांबून विचार करायला हवा होता. पंप विकून पैसे मिळत असतील तर गुरुजी पंप विकत बसले असते. ते कोर्स विकत होते, कारण कमाई कोर्समध्येच होती. वस्तू नावाला, खरा माल म्हणजे पुढचं गिऱ्हाईक. याला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणत नाहीत. नव्या माणसाच्या पैशातून जुन्या माणसाला पैसे देणाऱ्या योजनांवर देशात १९७८ पासून बंदी आहे, आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनीही पिरॅमिड योजना बेकायदा ठरवल्या आहेत. म्हणून अशा कोर्सवाल्याला एकच प्रश्न विचारा: मी आणखी कुणाला जोडलं नाही, तर मला पैसे कुठून मिळतील? उत्तर लांबत गेलं की उठून या.

मी दोघांना जोडलं. एक माझा मामेभाऊ, एक कॉलेजचा दोस्त. मामेभाऊ आजही ईदला गळाभेट घेतो, पण पहिल्यासारखं बोलत नाही.

'हलाल' शब्दाचा बाजार

आणखी एक गोष्ट मला जास्त बोचते. हेच कोर्स आपल्या पोरांना विकताना वेगळी भाषा वापरली जाते. "नोकरीत अपमान, बँकेत व्याज, ही कमाई मात्र शंभर टक्के हलाल." सलामाने सुरुवात, दुआने शेवट, मध्ये क्यूआर कोड.

याच शब्दावर आपण आधी केवढे पोळलो आहोत! बेंगळुरूची आयएमए आठवा. व्याज नाही, नफ्यात वाटा, असं सांगून हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत गोळा केली. जून २०१९ मध्ये मालक दुबईला पळाला आणि दुकानासमोर बुरख्यातल्या बायका पावत्या हातात धरून रडत उभ्या राहिल्या. त्याआधी, २०१८ साली, हिरा ग्रुपच्या प्रमुखांना अटक झाली. तिथेही हलाल गुंतवणुकीचीच हाक होती. लोकांनी हिशेब तपासले नाहीत, कारण शब्द ओळखीचा होता.

मी मौलाना नाही. पण मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात एक अख्खी सूरह आहे, हे मदरशात न गेलेल्यालाही ठाऊक असतं. धान्याच्या ढिगात हात घालून तळाचं ओलं धान्य वर दाखवायला सांगणाऱ्या पैगंबरांची हदीसही सर्वांनी ऐकलेली असते. माझ्या पानावरचे पावणेपाच तारे म्हणजे वरचं कोरडं धान्य होतं. कमाई हलाल आहे की नाही, हे कोर्सच्या जाहिरातीवरून ठरत नाही. घेणाऱ्याला काय सांगितलं आणि त्याच्यापासून काय लपवलं, यावरून ठरतं.

"बेकार पोरांच्या पोटावर पाय का देतोस?"

हा प्रश्न मला दोस्तांनी विचारला. प्रश्न खोटा नाही. मुस्लिम कामगारांमध्ये पगारी नोकऱ्या कमी आणि स्वतःचा लहानसहान धंदा करणारे जास्त, हे सच्चर समितीने २००६ सालीच दाखवलं. बी.एस्सी. होऊन मी दोन वर्षं फॉर्म भरले. नांदेडला जाऊन-येऊन क्लास लावायचा तर घरखर्चाला धक्का. अशा पोराला कुणी सांगितलं की लॅपटॉप आणि नेट पुरे, तर तो ऐकणारच.

पण म्हणूनच त्याला खरं सांगणं आपलं काम आहे. आणि खरं असं, की यात पहिलं वर्ष बहुधा कोरडं जातं. अ‍ॅमेझॉनच्या नियमाप्रमाणे नव्या माणसाने १८० दिवसांत तीन विक्री केल्या नाहीत तर खातं बंद होतं. स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी आपल्याच लिंकवरून घेतलेला माल धरला जात नाही. लिंक दाबल्यापासून साधारण २४ तासांत खरेदी झाली तरच टक्का. तो टक्काही आपल्या हातात नाही. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत फर्निचरचं कमिशन ८ टक्क्यांवरून एका झटक्यात ३ वर आलं आणि त्यावर घर चालवणारे हात चोळत बसले.

वर गूगल. मार्च २०२४ मध्ये गूगलने गठ्ठ्याने तयार केलेल्या निकस पानांविरुद्ध नवे नियम आणले. महिन्याभरात माझ्या पंपांच्या पानावर येणारे लोक जवळजवळ शून्यावर आले. तेव्हा मी गूगलला शिव्या दिल्या. आज वाटतं, चाचांना एक वर्ष आधी वाचवलं असतं तर बरं झालं असतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गूगल भारतातही शोधाच्या वरच मशीनने लिहिलेलं उत्तर दाखवू लागलं. ज्याच्याकडे सांगायला स्वतःचं काही नाही, त्याच्या पानापर्यंत आता माणूस पोचेलच कशाला?

मग सोडूनच द्यायचं?

नाही. अमेरिकेत ब्रायन लॅम नावाच्या पत्रकाराने २०११ साली 'वायरकटर' नावाची साइट काढली. तोही लिंकच्या टक्क्यावरच कमवत होता. फरक एवढाच की त्याची माणसं वस्तू हातात घेऊन, वापरून, मोडून बघायची आणि मग लिहायची. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ती साइट सुमारे तीन कोटी डॉलरला घेतली. पैसा लोकांच्या विश्वासाला मिळाला.

आपल्याकडे तीन कोटी डॉलर येणार नाहीत. पण आपल्याकडे जे आहे ते दिल्लीत बसून यादी लिहिणाऱ्याकडे नाही. केळीवर करपा आला तर कोणत्या नोझलने पानाच्या खालपर्यंत औषध पोचतं, हे अर्धापूरच्या मजुराला ठाऊक आहे. वसमतच्या बाजारात हळद नेण्याआधी पॉलिश कसं असावं, हे हिंगोलीच्या पोराला ठाऊक आहे. शिलाई मशीन दहा वर्षं चालवलेल्या खालाला कोणतं मशीन कुठे अडतं ते तोंडपाठ आहे. हे मराठीत, आपल्या माणसांना कळेल असं लिहिलेलं फार थोडं सापडतं.

त्यामुळे सुरुवात करणाऱ्याला माझं सांगणं असं. जी वस्तू तुम्ही किंवा तुमच्या घरातल्या कुणी वापरलेली आहे, तिच्यावरच लिहा. तिचे दोष आधी लिहा. सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते लिहा. मराठवाड्यात ताऱ्यांपेक्षा हे महत्त्वाचं आहे. गावातल्या दुकानात तीच वस्तू बरी मिळत असेल तर तसं सांगा, टक्का गेला तरी. डोमेन आणि जागेच्या भाड्यापलीकडे पैसा घालू नका, आणि कर्ज काढून, भिशी मोडून तर मुळीच नाही. दुसरं काम सोडू नका.

आणि पानाच्या वरच, मराठीत, ठळक लिहा: 'या लिंकवरून घेतल्यास मला कमिशन मिळतं.' हा नुसता चांगुलपणा नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध जून २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचना आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने काढलेली नियमावली हेच सांगते: शिफारस करणाऱ्याने आपले पैशांचे संबंध सोप्या भाषेत, दिसेल असे सांगावेत आणि स्वतः वापरलेल्या वस्तूचीच शिफारस करावी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. कोर्सवाल्याने बारा दिवसांत याचा एक शब्द काढला नव्हता.

शेवटची विनंती आपल्या वडीलधाऱ्यांना आणि संस्थांना. वाचनालयाच्या, जमातखान्याच्या हॉलमध्ये 'करिअर मार्गदर्शन' म्हणून या कोर्सवाल्यांना माईक देऊ नका. द्यायचाच असेल तर आधी त्यांच्याकडे कमाईचा हिशेब मागा: किती माल विकून आली आणि किती कोर्स विकून.

चाचांच्या पंपाला मी नांदेडहून नवी बॅटरी आणून बसवली. तिला लागलेले पैसे त्या साइटच्या सहा महिन्यांच्या कमाईपेक्षा जास्त होते. पान काढून टाकलं. आता त्या जागी एकाच पंपावर लिहिलंय, चाचांच्याच. दोन हंगाम वापरल्यावर तो कसा चालतो, पट्टा कुठे तुटतो, बॅटरी कोणती बसते. लिंक आहे, आणि लिंकच्या वर माझा टक्काही लिहिलेला आहे. मजकूर टाकण्याआधी चाचांना वाचून दाखवला. त्यांनी दोन चुका काढल्या.