हे खरे आहे काय?

मैत्रिणींनो, समजा उद्यापासून आपल्या घरात असा नियम झाला की कुणाला काही विचारायचं असेल तर ते लेखी विचारायचं, आणि उत्तरही लेखीच द्यायचं. मग सासूबाईंकडून कागद येईल : "(१) काल रात्रीच्या भाजीत मीठ जास्त झाले होते, हे खरे आहे काय? (२) असल्यास, याबाबत चौकशी करण्यात आली आहे काय? (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि आपण खाली लिहून पाठवू : "(१) हे अंशतः खरे आहे. (२) होय. (३) प्रश्न उद्भवत नाही."

हसू आलं ना? पण आपल्या राज्याचा कारभार याच भाषेत विचारला जातो. विधानसभेत आणि विधान परिषदेत आमदार मंत्र्यांना जे प्रश्न विचारतात, त्यांचा साचा अगदी हाच आहे. असा छापील कागद पहिल्यांदा हातात आला तेव्हा मीही हसले होते. मग वाचत गेले तसं हसू मावळलं, कारण तो कागद पाण्याचा होता.

माझं सासर अमरावतीचं, माहेर अकोल्याचं. या दोन्ही जिल्ह्यांच्या मधून पूर्णा नदी वाहते आणि तिच्या दोन्ही अंगांना आपला खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. बचत गटाच्या कामाने मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी जायची. गावात घरोघरी नळ बसले होते, तोट्या चकचकीत. पाण्याचा मात्र पत्ता नाही. एका घरी तर त्या तोटीला गाईचं दावं अडकवून ठेवलेलं. बायांनी निवेदनं देऊन देऊन पोच मिळालेल्या कागदांची पिशवी भरली होती. प्रत्येक कागदावर शिक्का आणि तारीख, बाकी काही नाही.

एका ओळखीच्या वकिलांनी सुचवलं, "ताई, अधिवेशन येतंय. आमदारांकडून प्रश्न टाकून पाहा." आम्ही गेलो. आमदार भेटले नाहीत, त्यांचे स्वीय सहायक भेटले. त्यांनी आमचं तीन पानांचं निवेदन बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "यात रडगाणं फार आहे. मला मुद्दे द्या. योजना कधी मंजूर झाली, ग्रामसभेचा ठराव कोणत्या तारखेचा, किती घरांना पाणी नाही." राग आला होता, खरं सांगते. पण त्याचं बरोबर होतं. आम्ही चार जणी पुन्हा गावात फिरलो, घरं मोजली, ठरावाची नक्कल काढली आणि अर्ध्या पानाचा कागद दिला.

उत्तर यायला बरेच महिने लागले. ग्रामसभेत मी ते वाचून दाखवलं. "हे अंशतः खरे आहे" या वाक्यावर आले तशी मागून एक काकू म्हणाल्या, "ताई, अंशतः म्हंजे किती वो? आमच्या नळाले त अंशतः बी नाई येत!"

सगळी सभा हसली. पण त्याच उत्तरात खाली एक वाक्य होतं की गावाला तीन दिवसांआड पाणीपुरवठा केला जातो. ते ऐकून मात्र कुणीच हसलं नाही. हे साफ खोटं होतं, आणि ते मंत्र्यांच्या नावाने सभागृहात गेलं होतं. हे उत्तर कसं तयार होतं ते मला नंतर कळलं. प्रश्न आधी मंत्रालयात जातो, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला आणि शेवटी ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याच टेबलावर येऊन बसतो! तिथे मसुदा होतो आणि तोच वरवर चढत मंत्र्यांपर्यंत पोहोचतो. सरकारी कचेऱ्यांत या प्रश्नाला 'एलएक्यू' म्हणतात. एरवी पाच वाजता रिकामी होणारी कचेरी 'एलएक्यू' आला की रात्री आठपर्यंत उघडी दिसते. निवेदनाला कुणी भीत नाही. या कागदाला भितात, कारण सभागृहात चुकीची माहिती गेली तर हक्कभंगाचा विषय होऊ शकतो.

आम्ही ते वाक्य अधोरेखित करून ग्रामसभेच्या नव्या ठरावासकट पुन्हा आमदारांकडे पाठवलं. पुढचं अधिवेशन सुरू होण्याआधीच जीप घेऊन साहेब गावात आले, व्हॉल्व्ह तपासले, कुठेतरी फुटलेली पाइपलाइन जोडली. आता गावात चौथ्या दिवशी पाणी येतं. वरच्या आळीत अजून पोहोचत नाही. म्हणजे आता खरंच अंशतः!

एवढ्या एका अनुभवावरून मी या विषयात डोकं घातलं. आपण टीव्हीवर पाहतो तो गोंधळ, कागद फाडणं, पायऱ्यांवरच्या घोषणा. पण कामकाजाच्या सुरुवातीला प्रश्नोत्तराचा तास असतो, तो फारसा कुणी दाखवत नाही. ज्या प्रश्नाच्या क्रमांकावर चांदणी छापलेली असते तो तारांकित. त्याचं उत्तर मंत्र्यांना उभं राहून द्यावं लागतं आणि त्यावर आमदार उपप्रश्न विचारू शकतात. खरी परीक्षा या उपप्रश्नांत होते, कारण तिथे लिहून आणलेला कागद पुरत नाही. उत्तर धड नसेल तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवतात. चांदणी नसलेला तो अतारांकित, त्याला नुसतं लेखी उत्तर. तातडीचं काही असेल तर लक्षवेधी सूचना आहे. आणि मंत्र्यांनी सभागृहात "करू, पाहू, महिनाभरात देऊ" असं म्हटलं तर त्याची नोंद ठेवणारी एक आश्वासन समितीही असते. (अशी समिती घराघरांत असती तर किती बरं झालं असतं!)

हा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. इंग्रजांच्या कायदेमंडळात १८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारायची मुभा मिळाली, पण उपप्रश्नाची नाही. ती १९०९ मध्ये आली. १८९३ मध्ये पहिला प्रश्न विचारला गेला तो कशाबद्दल, माहीत आहे? दौऱ्यावर येणाऱ्या साहेबांना सामान पुरवता पुरवता गावोगावचे दुकानदार मेटाकुटीला येत, त्यांच्या त्रासाबद्दल. म्हणजे या देशातला पहिला प्रश्न वाणसामानाचाच होता.

आता आपल्या दारातला प्रश्न घेते. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधान परिषदेत शेतकरी आत्महत्यांबद्दल विचारलं गेलं. सरकारचं लेखी उत्तर आलं : जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांत राज्यात ७६७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केली. त्यातल्या २५७ एकट्या पश्चिम विदर्भातल्या, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या आपल्या पाच जिल्ह्यांतल्या. आणि ७६७ पैकी २०० प्रकरणं मदतीसाठी 'अपात्र' ठरली होती.

हा 'अपात्र' शब्द मी फार जवळून पाहिला आहे. अशा कुटुंबाला सरकार १ लाख रुपये देतं, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. २००६ पासून रक्कम तीच आहे. त्या वर्षी लाखात काय येत होतं आणि आज काय येतं, हे गृहिणीला सांगायला नको. ती मिळण्यासाठी कुटुंबाची शेती हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवाना असलेल्या सावकाराचं हवं आणि त्याचा तगादाही सिद्ध व्हायला हवा. ज्याने पेरणीसाठी मेहुण्याकडून किंवा बिनपरवान्याच्या सावकाराकडून पैसे उचलले, त्याच्या बायकोने कुठला कागद आणायचा? ती अपात्र. नवरा गेला हे खरे आहे काय? होय. कर्ज होते हे खरे आहे काय? होय. मदत? प्रश्न उद्भवत नाही.

मला म्हणायचंय ते इतकंच की या दोनशे बायकांची संख्या आपल्याला कळली, ती कुणीतरी प्रश्न टाकला म्हणून. तो टाकला नसता तर प्रत्येकीची फाईल आपापल्या तहसिलीत पडून राहिली असती आणि प्रत्येकीला वाटलं असतं की आपलंच नशीब फुटकं. बेरीज झाली म्हणून ते नशीब नाही, नियम आहे, हे दिसलं. नियम बदलता येतो. बदलला का? नाही. उपप्रश्न अजून बाकी आहेत.

आणि नेमकं इथेच आपलं वऱ्हाड उपाशी राहतं. १९५३ च्या नागपूर करारात कबूल केलं होतं की दरवर्षी विधिमंडळाचं एक तरी अधिवेशन नागपुरात होईल. हेतू हा की विदर्भाचे प्रश्न विदर्भातच विचारले जावेत. करोनामुळे २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशनं मुंबईतच झाली, ते समजू शकतं. पण डिसेंबर २०२४ चं पाहा. १५ तारखेला नागपुरात मंत्र्यांचा शपथविधी झाला, दुसऱ्या दिवशी अधिवेशन सुरू झालं, २१ तारखेला संपलं आणि खातेवाटप जाहीर झालं ते अधिवेशन संपल्यावर! आठवडाभर मंत्री होते, पण पाण्याचं खातं कुणाचं, शेतीचं कुणाचं, याचा पत्ता नाही. मग विचारायचं कुणाला? घरी पाहुण्यांची पंगत बसवायची आणि वाढायला कोण, हे ठरवायचंच नाही, त्यातलाच प्रकार. २०२५ च्या डिसेंबरातही अधिवेशन एकाच आठवड्याचं होतं, ८ ते १४ तारखेचं, आणि त्या वेळी दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेताच नव्हता.

हे लिहिताना प्रतिभाताई पाटलांची आठवण झाली. आपल्या अमरावतीच्या सूनबाई राष्ट्रपती झाल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. पण १९७९-८० मध्ये त्या महाराष्ट्र विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या, हे किती जणींना ठाऊक असेल? ज्या खुर्चीवरून सरकारला जाब विचारतात त्या खुर्चीवर बसलेली बाई आपल्याकडची होती. २०२४ मध्ये निवडून आलेल्या २८८ आमदारांत महिला किती? अवघ्या २१.

प्रश्न विकलेही जातात, हेही लपवायला नको. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारण्याचं प्रकरण छुप्या कॅमेऱ्याने बाहेर काढलं आणि ११ खासदारांची हकालपट्टी झाली. त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही दोघे होते. तेव्हा आमच्या हळदीकुंकवात एक जण म्हणाली होती, "बाई, इथे फुकट विचारा म्हटलं तर विचारत नाहीत!"

हळदीकुंकवावरून आठवलं. संक्रांतीला लोकप्रतिनिधींचं मोठ्ठं हळदीकुंकू असतं, स्टीलचा डबा वाण म्हणून मिळतो. रक्षाबंधनाला राख्या असतात. २०२४ पासून लाडकी बहीण योजना आली, आपण बँकेत रांगा लावल्या. दीड हजारांचे एकवीसशे कधी, हा प्रश्न २०२५ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात सभागृहातही निघाला. डब्याला किंवा दीड हजाराला माझी हरकत नाही. मीही तो डबा आणला आहे, त्यात सध्या ज्वारीचं पीठ आहे. पण वाण घेताना आपल्यापैकी कुणी विचारलं का, की दादा किंवा ताई, गेल्या अधिवेशनात तुम्ही किती प्रश्न टाकले? त्यात आमच्या तालुक्याचे किती? उत्तरं कुठे आहेत, दाखवा बरं? ही प्रश्नोत्तरं काही गुपित नाहीत. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर त्यांच्या याद्या असतात आणि घरातलं कॉलेजचं पोर दहा मिनिटांत काढून देतं.

"विचारून काय होतं?" असं म्हणणाऱ्या आहेत, आणि त्यांचंही खोटं नाही. मेळघाटातली बालकं कुपोषणाने दगावतात, ही ओरड १९९३ पासून आहे. त्यावर सभागृहात किती चर्चा झाल्या आणि किती लक्षवेधी लागल्या, तरी धारणी-चिखलदऱ्याच्या आया अजून तेच सांगतात आणि विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला. विचारल्याने सगळं होतं, असं मी म्हणणार नाही. पण न विचारता आमच्या गावात जीप आली नसती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

अधिवेशनं साधारण तीन असतात. अर्थसंकल्पी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पावसाळी जून-जुलैत आणि हिवाळी डिसेंबरात. तारांकित प्रश्नाची सूचना बरीच आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. कागद अर्ध्या पानाचा असावा. त्यात तारखा, आकडे आणि ठरावाची नक्कल हवी. रडगाणं घरी ठेवून जायचं, मी शिकले ते असं.

आमच्या गटाचा तिसरा कागद सध्या तयार होतो आहे, वरच्या आळीच्या पाण्याचा. परवा त्याच काकूंच्या ओसरीवर बसलो होतो. पहिला मुद्दा काय घालायचा, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, "लिवा, आमची आळी गावात येते, हे खरं हाय का नाई?" मी तसंच्या तसं लिहून घेतलं आहे. भाषा तेवढी साच्यात बसवायची बाकी आहे.